ढिगाला हात लावायचा नाही

१८ एप्रिल
नववर्षाचा पाण्याचा सण संपला. सगळ्या गावाने एकमेकांवर मनसोक्त पाणी ओतलं, माझ्या डाव्या कानात त्यातलं थोडं अजून आहे. डोकं मात्र लख्ख. निर्णय झाला. बायकोच्या वाट्याच्या चहाच्या जुन्या झाडांचं या वसंतातलं सगळं पान या वर्षी मी पिकवणार.

कच्चा चहा काय, कुणीही विकतो. पान तोडा, कढईत परता, उन्हात टाका, पोत्यात भरा. त्यात बुद्धी कुठे लागते? पिकवलेल्या पू-अर चहाला माणूस लागतो. पानावर पाणी मारायचं, ढीग घालायचा, वर कापड. आत तो आपोआप तापतो आणि दीड-दोन महिन्यांत कडू, तोंड आवळणारं पान काळं, गोड, मऊ होऊन बाहेर येतं. म्हणजे पानाचा स्वभावच बदलतो. हे काम स्वभाव ओळखणाऱ्याचं आहे.

जेवताना जाहीर केलं. सासऱ्यांचा चिकट भाताचा गोळा मिरचीच्या ठेच्यात बुडायचा थांबला. म्हणाले, जावईबापू, चांगलं पान कुजवणार तुम्ही? मी म्हटलं, बाबा, कुजणं वेगळं, पिकणं वेगळं. म्हणाले, फरक कुणाला कळतो? म्हटलं, मला.

बायको काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

२० एप्रिल
संमती नव्हती.

यू-च्याओला, म्हणजे बायकोला, मंगहाय शहरात फ्लॅट हवाय. सासऱ्यांच्या घरात खाली कोंबड्या, वर आम्ही आणि मध्ये फळ्यांच्या फटी. पहिला हप्ता जूनअखेर. तिचं म्हणणं, पान कच्चंच विकू, हप्ता सुटतो. मी म्हटलं, सुटतो, पण मागच्या बाजूचा फ्लॅट मिळतो. माझा चहा ग्वांगचौच्या व्यापारी ल्यांगसाहेबांनी उचलला की बाल्कनीवाला. तिकडचे लोक पिकवलेल्या चहाशिवाय सकाळी तोंड उघडत नाहीत. बायको म्हणाली, आणि तुझा चहा बिघडला तर? असला प्रश्न मनात येणाऱ्या माणसांमुळेच देश मागे राहतो. हे मी तिला म्हटलं नाही. इथे लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. इथल्या ताय लोकांत पहिलं मूल झालं की बापाचं नाव जातं. सासऱ्यांना गाव बो-यूच्याओ म्हणतं, म्हणजे यू-च्याओचा बाप. त्यांचं मूळ नाव पोस्टमनलाही माहीत नसेल. आम्हाला मूल नाही, म्हणून मी कुणाचा बाप नाही. आणि मी बाहेरचा, त्यात घरजावई, म्हणून गावाला मी नुसता 'जावई'. बारा वर्षं. कुत्र्यालासुद्धा या गावात नाव आहे. दाबून केलेल्या चहाच्या वड्यांना जो कागद गुंडाळतात, त्यावर मोठ्या अक्षरांत फान युनशेंग असं छापलेलं मला बघायचंय. बस्स.

२४ एप्रिल
विजय! बायको सकाळी अचानक म्हणाली, कर तुला काय करायचं ते. सासऱ्यांचा विरोधही मावळला. नुसता मावळला नाही, माझ्या पाठीवर थाप मारून हसले आणि हसतहसतच कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. माणसाने मुद्देसूद बोललं की जुनी पिढीसुद्धा वळते.

पोती माळ्यावरून बायकोने स्वतः काढून दिली. मी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, ओंजळभर पान नाकाशी धरलं, डोळे मिटले. काय सांगू! रान, मध, दगडावरचं शेवाळ. म्हटलं, वा, जुनी झाडं लपत नाहीत. बायको जिन्यात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत आदर दिसला.

जागा गाओभाऊच्या शेडमध्ये. तो आयुष्यभर ढीगच घालतोय. त्याचा स्वतःचा ढीग कमरेएवढा, लांबरुंद, एखाद्या म्हशीसारखा सुस्त पडलेला. कोपरा दिला आणि म्हणाला, जावई, तुझं पान थोडं आहे, छोटा ढीग उष्णता धरत नाही, पण घालतोस तर घाल. एकच सांगतो, मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. म्हटलं, गाओभाऊ, संयम माझ्या रक्तात आहे.

२ मे
ढीग घातला. पाणी मारलं, फावड्याने कालवलं, गुडघ्यापर्यंत उंची आली, वर ओलं गोणपाट. आता फक्त थांबायचं.

थांबलो. घरी आलो. जेवलो. परत जाऊन बघून आलो. ठीक आहे.

३ मे
सकाळी ८. गोणपाटाचा एकच कोपरा उचलला. हात लावला नाही, बोट लावलं. थंड.

दुपारी १२. थंड.

दुपारी ३. गाओभाऊच्या ढिगातून वाफ येतेय. माझा थंड. गाओभाऊ म्हणाला, अरे काल घातलास, आजच बाळंत होईल काय? तोंडाचा फटकळ आहे.

संध्याकाळी वेळ सत्कारणी लावला. वड्यांच्या कागदावरचा मजकूर लिहायला घेतला. पहिला खर्डा: 'हा चहा शांत आहे. त्याला घाई नाही. प्रत्येक घोट तांदळाच्या पेजेसारखा जाड, जिभेवरून सावकाश उतरणारा. सुक्या बोरांचा गोडवा, जुन्या लाकडी कपाटाचा वास, शेवटी कापराची झुळूक. ज्याने हा केला, तो माणूसही असाच.' बायकोला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला तिला ठसका लागला. बांबूच्या आंबट कोंबांत मिरची जास्त होती.

७ मे
कोमट! मुठीएवढ्या जागेत, पण नक्की कोमट. आनंदाने गोणपाट पूर्ण काढून पाहिलं, चोहोबाजूंनी हात घालून पाहिला. एका ठिकाणी पांढरी बुरशी धरतेय, म्हणजे काम चालू. बायकोला दाखवायला बोलावलं, ती येईपर्यंत ढीग उघडा ठेवला. ती उशिरा आली. बघून म्हणाली, छान. तिचं लक्ष फोनमध्ये होतं, फ्लॅटवाल्यांशी काहीतरी चाललं होतं.

संध्याकाळी परत थंड. हवामान बिघडलंय.

११ मे
तीन थर्मामीटर आणले. एक मध्यात, एक कडेला, एक गाओभाऊच्या ढिगात तुलनेसाठी. गाओभाऊने आपला उपसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तुझं नाक तुझ्या ढिगात घाल.

मी थर्मामीटर वारंवार काढून बघतो असं त्याचं म्हणणं. न बघता आकडा कळणार कसा? म्हणाला, तू बघतोस म्हणूनच तो वर चढत नाही. हे शास्त्राला धरून नाही. तरी त्याचा मान राखायचा म्हणून आजपासून दिवसातून फक्त दोनदा.

नंतरची नोंद: चारदा. पण त्यातल्या दोन वेळा नुसतं कानाने ऐकलं.

१७ मे
ढिगाला वास आलाय. पहिला वास! धावत घरी जाऊन सांगितलं. सगळ्यांना शेडमध्ये नेलं. सासऱ्यांनी हुंगलं आणि म्हणाले, मासा. बायकोने हुंगलं. म्हणाली, मासाच, आणि कालचा. मी समजावलं की कोवळ्या ढिगाला असा वास येतोच, तो पुढे उडतो आणि खालून बोरं वर येतात. सासरे म्हणाले, माशाखालून बोरं येताना मी कधी बघितली नाहीत, पण जावईबापू, तुमच्या ढिगात येतीलही. हा माणूस आयुष्यभर कच्चा चहा पीत आलाय. आतडी कडक झालीत.

मजकुरात 'नदीकाठची आठवण' घातलं.

२० मे
पाणी कमी पडलं, हे माझं निदान. एक झारी मारली.

२१ मे
अजून एक झारी.

२२ मे
तळाला चिखल. गाओभाऊला सांगितलं नाही. पानांना श्वास मिळावा म्हणून सगळा ढीग उलटापालटा केला, वरचं खाली, खालचं वर, मग वाटलं पहिलंच बरं होतं, म्हणून परत केला. अंग मोडून आलं. कोण म्हणतं मी बसून खातो?

सगळा दोष उष्णतेचा. छोटा ढीग उष्णता धरत नाही हे गाओभाऊ बोलून गेला, पण उपाय त्याला सुचला नाही. मला सुचला. घरी कापसाच्या गाद्या आहेत. आणि मागच्या थंडीत सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेलं विजेचं पांघरूण आहे.

२३ मे
पांघरूण खाली अंथरलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मूर्ख नाही मी. वर ढीग. ढिगावर गोणपाट, गोणपाटावर दोन गाद्या. बटण 'मध्यम'वर. सासूबाई म्हणाल्या, माझं पांघरूण दिसत नाही रे कुठे. मी म्हटलं, आता उन्हाळा आहे, आई. खोटं काहीच बोललो नाही.

२५ मे
चढला!! आकडा सरसर वर गेला. गोणपाट उचललं तर वाफ तोंडावर आली, चष्मा धुरकटला. माशाचा वास जाऊन गोड, आंबूस, दारू गाळतात तिथल्यासारखा वास. गाओभाऊलाही बोलावलं. त्याने हात घातला, भुवया वर गेल्या. म्हणाला, अरे वा, कसा काय तापवलास? म्हटलं, श्रद्धा. गाद्यांकडे त्याने पाहिलं, खाली काय आहे ते त्याला दिसलं नाही. जाताना म्हणाला, आता लक्ष ठेव, आता आकडा पळत सुटणार.

फार विचार केला आज. गेले तीन आठवडे मी ढिगाला हात लावत होतो आणि ढीग थंड होता. मी हात काढला आणि ढीग तापला. सगळे म्हणत होते तेच खरं, माझं काय चुकत होतं ते मला कळलं. मी अधीर होतो. लिहायला लाज वाटत नाही, कारण तो माणूस आज संपला. आता मी हात लावणार नाही. गाव बघत राहील असा संयम दाखवणार. बटण 'जास्त'वर केलं आणि घरी आलो.

२६ मे
इथे राहिलो तर पाय आपोआप शेडकडे वळतात. म्हणून जिंगहोंगला आलोय, चुलतभावाकडे. कागद छापायचं कामही होईल. बसमध्ये सारखी जागा बदलत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, मुंग्या आहेत का? म्हटलं, नाही, संयम चाललाय.

२८ मे
छापखानेवाल्याने नमुना दाखवला. फान युनशेंग! लाल अक्षरं, खाली डोंगर, डोंगरावर ढग. माझं नाव इतकं सुंदर दिसतं हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. डोंगराच्या जागी झाड करायला सांगितलं. मग पुन्हा डोंगर.

मजकूर पक्का: 'शांत. धीराचा. मुरलेला.'

२९ मे
गाओभाऊचे फोनवर फोन. उचलले नाहीत. ओळखतो मी त्याला. परीक्षा घेतोय, बघतोय अधीर होऊन पळत येतो का. मग मेसेज: 'जावई, ढीग उलट, ताबडतोब.' हसू आलं. कालपर्यंत हात लावू नको म्हणणारा हाच.

३१ मे
बायकोचा फोन. गाओभाऊ म्हणतोय, ढिगातून जळका वास येतोय, मी उघडू का? मी अगदी शांत आवाजात म्हटलं, यू-च्याओ, तू सुद्धा? कुणीही हात लावायचा नाही. मी येईपर्यंत सगळ्यांनी धीर धरा.  मग म्हणाली, तुझा ढीग आहे बाबा, तू बघ.

फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की नदीकाठच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या. मग आणखी दोन. बसवत नव्हतं.

३ जून
परत आलो. गाद्या काढल्या. वरची ठीक. खालच्या गादीला तपकिरी गोल पडलाय. पांघरूण वितळून प्लास्टिकला चिकटलंय. ते देवाच्या दयेने आपसूक बंद पडलं होतं, नाहीतर शेड गेली असती, असं गाओभाऊ म्हणाला. पुढे जे म्हणाला ते लिहीत नाही.

ढीग फोडला. कडेचं पान चिखल होऊन ढेकळं झालंय, नाकाजवळ नेवत नाही. मधलं काळं. काळं म्हणजे हवं तसं काळं नाही. चुरगाळलं की बोटांवर पूड. पाण्यात टाकलं तर उलगडत नाही, तसंच कडक तळाशी बसतं. गाओभाऊ म्हणाला, पोटात जळला. छोट्या ढिगाचं असं होताना बघितलं नव्हतं, त्याला तुझ्यासारखा कलाकार लागतो.

बायकोला सांगायचं कसं?

६ जून
शांतपणे पुन्हा चाखला. कडेचा आणि मधला मिसळून. रंग सोया सॉससारखा, उत्तम. चव... सुरुवातीला काही नाही. मध्ये काही नाही. शेवटी विझलेली चूल. पण हल्ली शहरात लोकांना वेगळेपण हवं असतं. मजकुरात दुरुस्ती: 'भट्टीची ऊब'.

बायकोला म्हटलं, अजून मुरतोय. ती बरं म्हणाली. रागावली नाही. तिचं हे न रागावणं मला खातंय. जूनअखेर जवळ येतेय, रोज संध्याकाळी ती फ्लॅटचा नकाशा उघडून बसते, पलंग कुठे, चूल कुठे, आणि मला विचारते, तुला खिडकी कुठल्या बाजूला आवडेल? मी कुठलीतरी बाजू सांगतो आणि उठून कोंबड्यांत जाऊन उभा राहतो.

१६ जून
ल्यांगसाहेब आले. मी स्वतः ओतला. कप हातात घेऊन त्यांनी वास घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. घोट घेतला. मी म्हटलं, शांत आहे ना? ते म्हणाले, हो, मेलेलाच आहे. मग गरम पाणी मागितलं, नुसतं, चूळ भरायला. जाताना गाओभाऊचा अख्खा ढीग ठरवून गेले. गाओभाऊने मला चहा पाजला. त्याचा. बोरं होती, कपाट होतं, सगळं होतं. अर्धा कप तसाच ठेवला.

सासरे दारात भेटले. म्हणाले, काय जावईबापू, माशाखालून बोरं आली? मग माझा चेहरा बघून मला शिजवलेलं मक्याचं कणीस दिलं.

२६ जून
चार दिवस झाले, रोज ठरवतो आज सांगायचं. वाक्यं तयार आहेत. 'यू-च्याओ, हवामानामुळे.' 'यू-च्याओ, गाओभाऊच्या शेडमुळे.' 'यू-च्याओ, तुझ्या आईच्या पांघरुणामुळे.' एकही तोंडातून निघत नाही. तिची झाडं तिच्या पणजीची आहेत. त्यांचं वर्षभराचं पान मी जाळलं. बाल्कनी सोडाच, मागची बाजूही गेली. पुन्हा या फळ्यांवर, पुन्हा कोंबड्यांच्या डोक्यावर, आणि सगळं माझ्यामुळे. भीती वाटतेय. हे पहिल्यांदाच लिहितोय.

३० जून
सकाळी तिला म्हटलं, चल, शेडमध्ये दाखवतो. ती म्हणाली, आधी तू माझ्याबरोबर चल. स्कूटीवर मागे बसवून मंगहायला नेलं. तिसरा मजला. किल्ली तिच्याच पिशवीत होती. मागच्या बाजूचा फ्लॅट. बाल्कनी नाही. रंगाचा वास.

मी तिथेच सगळं बोलून टाकलं, पांघरूण, झारी, जिंगहोंग, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, माझं पान एप्रिलमध्येच कच्चं विकलं गेलं. तुला दिलं ते बाबांच्या खालच्या मळ्यातलं, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं. कुणी घेत नव्हतं, माळ्यावर पडून होतं. बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, विकलेली पोती गाओभाऊनेच गाडीत चढवून दिली.

म्हणजे सगळ्या गावाला. रान, मध, दगडावरचं शेवाळ.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी खाली फरशीवर बसलो, कारण खुर्ची अजून आलेली नाही. इतकं बरं वाटलं की रडू आलं, आणि लाज इतकी की रडता येईना. मी विचारलं, मग करू का दिलंस मला? ती म्हणाली, तू बारा वर्षं गप्प बसला नाहीस, आणखी बारा वर्षं बसला नसतास.

मग ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, त्या दिवशी तू पोत्यात हात घालून वास घेतलास ना, तेव्हा मी जिन्यात जीव मुठीत धरून उभी होते. मनात म्हटलं, ओळखू दे. ओळखलं असतंस तर विकलेलं परत घेतलं असतं, सगळं तुला दिलं असतं. फ्लॅट पुढच्या वर्षी. शपथेवर सांगते.

थर्मासमधून तिने चहा ओतला. कच्चा की पिकलेला, कुठल्या डोंगराचा, काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, ओळख.

बराच वेळ घोट तोंडात धरला. शब्द सगळे जिभेवर येऊन उभे राहिले. गिळला आणि म्हटलं, माहीत नाही.

तिने कप पुन्हा भरला.